एक आज्ञावली, अनेक यंत्रे

एखादी आज्ञावली एका संगणकावर सुरळीत चालते, म्हणून ती दुसऱ्या जातीच्या संगणकावर चालेलच असे नाही. अक्षरांचे संकेतांक, धारिकांची नावे, स्मृतीची मर्यादा या बाबी यंत्रागणिक बदलतात. सामायिक आज्ञावली नव्या यंत्रावर नेताना जो तो आपल्या सोयीने फेरफार करू लागला, तर थोड्याच काळात तिची परस्परांशी न जुळणारी अनेक रूपे होतात. हा धोका कसा टाळता येतो, ते 'टेक्' या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीच्या उदाहरणावरून पाहू.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये टेक्‌चे काम हाती घेतले. पहिली आवृत्ती फारच थोड्या यंत्रांवर चालू शकणाऱ्या भाषेत होती. म्हणून १९८२ मध्ये त्यांनी ती पास्कल भाषेच्या आधारे नव्याने लिहिली आणि सर्वांना खुली केली. तत्पूर्वीच, १९८० मध्ये, टेक् वापरणाऱ्यांचा संघ स्थापन झाला होता. व्हॅक्स, आयबीएम, सायबर अशा प्रत्येक यंत्रप्रकारासाठी संघात एकेक समन्वयक असे. हे काम स्वेच्छेचे होते. कोणी कोणाचा वरिष्ठ नव्हता. मग शिस्त राहिली कशी?

पहिला नियम असा, की मूळ संहितेला हात लावायचा नाही. आपल्या यंत्रापुरते जे वेगळे हवे, ते स्वतंत्र 'बदल-धारिके'त लिहावयाचे. मूळ संहितेतील कोणत्या ओळींऐवजी कोणत्या ओळी घ्यावयाच्या, एवढेच तीत असते. कनूथांनी मूळातील चूक सुधारली, की सर्वांना तीच सुधारलेली संहिता मिळे. समन्वयकाला फक्त आपली छोटी धारिका तपासावी लागे.

दुसरा नियम परीक्षेचा. कोणताही लेखक लिहिणार नाही असा मुद्दाम आडवळणी मजकूर यंत्राला द्यावयाचा आणि आलेले उत्तर प्रमाण उत्तराशी ताडून पाहावयाचे. या कसोटीला उतरेल त्यालाच टेक् म्हणावे. ज्याला वेगळे काही करावयाचे असेल, त्याने खुशाल करावे, पण नाव निराळे ठेवावे. परिणामी म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूरच्या वाचनालयातील साध्या संगणकावर काय किंवा स्टॅनफर्डमध्ये काय, मजकूर आणि टंक तेच असतील तर ओळी त्याच जागी तुटतात.

या स्थैर्याचा लाभ आपल्या लिपीलाही झाला. नेदरलँड्समधील फ्रान्स वेलथुइस यांनी १९९१ मध्ये टेक्‌साठी देवनागरीची सोय उपलब्ध करून दिली. जोडाक्षरे बांधणे, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणणे ही कामे त्यांनी सी भाषेतील एका वेगळ्या आज्ञावलीकडे सोपविली. टेक्‌च्या गाभ्यात एक ओळही बदलावी लागली नाही. मुंबई वळणाची अक्षरेही त्या संचात आहेत.

सामायिक काय आणि स्थानिक काय, ही सीमारेषा आधीच स्पष्ट आखलेली असली, की एकमेकांना कधीही न भेटलेली माणसेसुद्धा एकच वस्तू अखंड राखू शकतात.