दहाव्या ओळीतला हातचा

ठाणे

चि. सोनू हिस,


तू आणि धाकटा मिळून या सुट्टीत हाताने एक मोठं गणित करणार आहात आणि त्यासाठी पायचे शंभर अंक काढायचं ठरवलंय, हे तुझ्या बाबांकडून आत्याला कळलं. बेत चांगला, निवड फसलेली. पायचा पुढचा अंक कोणता येईल याचा काही अंदाजच बांधता येत नाही. धाकटा दुसऱ्या दिवशी क्रिकेटला पळेल आणि त्यात त्याचा दोष नसेल. तुम्हाला अशी मालिका हवी, जिच्यात अंदाज बांधता येतो, तो पुन्हा पुन्हा खरा ठरतो आणि मग एका ठिकाणी सपशेल आपटतो. अशी मालिका परदेशातून आणायला नको. ती तुमच्याच डोंबिवली स्टेशनात एका माणसाला सुचली.

तो माणूस म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. माध्यमिक शिक्षण इथे ठाण्यात झालं, पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ साली बी.एस्सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात आकडे मांडले. त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवरच्या स्टेशनात त्यांना संख्यांचा एक प्रकार सुचला. स्टेशन डोंबिवली, म्हणून संख्यांचं नाव त्यांनी ठेवलं ‘डेम्लो’. लोकलच्या रेट्यात लोकांना स्वतःचा डबा धड सापडत नाही, तिथे या गृहस्थांना संख्या सापडली!

आता वही घ्या. चौकटींचीच घ्या, रेघांची नको. इथे आकडे एकाखाली एक नीट पडले नाहीत तर सगळंच फसतं.

सुरुवात सोप्या उदाहरणाने करा. ४३ ला ११११ ने गुणायचं. म्हणजे ४३ चार वेळा लिहायचे, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून, आणि बेरीज घ्यायची. उजवीकडच्या टोकाला एकटा ३ उरतो, डावीकडच्या टोकाला एकटा ४, आणि मधल्या प्रत्येक घरात ४ आणि ३ भेटतात, म्हणून ७. उत्तर ४७७७३. ही डेम्लो संख्या: मधे एकच अंक ओळीने, आणि दोन्ही टोकांची बेरीज तोच अंक. १६५, २५५३, १७७६ याच जातीच्या. धाकट्याला अशा पाच-सहा बनवू दे. तो एव्हाना ‘दोघांची बेरीज नऊच्या वर गेली तर?’ असं विचारेल. विचारलं नाही, तर तू विचार.

मग खरी मालिका घ्या. नुसत्या एकांच्या ओळींचे वर्ग करायचे. १ चा वर्ग १, ११ चा १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. कापरेकरांनी यांना ‘अद्भुत डेम्लो’ म्हटलं आणि १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला. टोकांचा नियम इथेही लागू आहे: १२३२१ मधून मधला ३ बाजूला ठेवला तर १२ आणि २१, बेरीज ३३. पुढच्या संख्येत १२३ आणि ३२१, बेरीज ४४४. नऊ एकांपर्यंत पोचलात की १२३४५६७८९८७६५४३२१ येतं आणि तिथली टोकं मिळून ९९९९९९९९ होतात. हे पाहून घरात आरडाओरडा झाला तर होऊ दे.

पण हे वर्ग पाठ म्हटल्यासारखे लिहून टाकू नका, मांडा. पाच एकांचा वर्ग करताना १११११ ही ओळ पाच वेळा लिहायची, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे. कागदावर तिरका पट्टा तयार होतो. एकमच्या घरात एकच १ असतो, दहमच्या घरात दोन, शतमच्या घरात तीन, असं मधल्या घरापर्यंत चढत जातं आणि मग तसंच उतरतं. उत्तरातला चढ-उतार त्या पट्ट्याच्या आकारातून आला आहे. त्यात जादू नाही, फक्त घराघरातल्या एकांची मोजणी आहे. हे ज्याने स्वतः मांडलं त्याला दिसतं, ज्याने मोबाइलवर उत्तर पाहिलं त्याला फक्त नक्षी दिसते. आत्याचा सगळा हट्ट या एवढ्यासाठी आहे.

दोघांनी काम वाटून घ्यायचं ते असं: ओळी धाकट्याने मांडायच्या, घरांची मोजणी तू करायची, पुढच्या वर्गाला अदलाबदल. उत्तर दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि मगच वह्या समोरासमोर ठेवायच्या. आणि दहाव्या ओळीपर्यंत आलात की तू गप्प बसायचं. थोरल्यांना सांगायची घाई फार असते. तो बहुतेक न मांडताच मधे दहा घालून …८९१०९८… असं लिहील. लिहू दे. ताळा त्याला पकडेल.

ताळा असा. नऊ एकांपर्यंत उत्तरातल्या अंकांची बेरीज एकांच्या संख्येच्या वर्गाइतकी येते: १२३४३२१ ची बेरीज १६, कारण चार एक, नऊ एकांच्या उत्तराची ८१. दहा एकांच्या पट्ट्यात मधल्या घरात दहा एक जमतात. शून्य लिहायचं, हातचा एक. तो डावीकडच्या नऊवर बसतो, त्याचेही दहा होतात, पुन्हा शून्य आणि हातचा एक. पुढचा आठ नऊ होतो आणि गडबड तिथेच थांबते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ नाहीसा झाला आहे! अंकांची बेरीज १०० यायला हवी होती, येते ८२. बेरजेतले अठरा गेले, कारण हातचे दोन. दहाच्या जागी शून्य लिहून शेजारी एक दिला की दर वेळी नऊ कमी होतात. म्हणजे बेरीज चुकली तरी ती किती चुकावी याचाही नियम आहे. आणखी एक गंमत: मधलं शून्य सोडून उरलेल्या दोन टोकांची, १२३४५६७९० आणि ९८७६५४३२१ यांची, बेरीज करून पाहा. पुन्हा दहा एक, ओळीने.

बाबा म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, एक्सेल आहे. त्यांना एक्सेलमध्ये हाच वर्ग करायला लाव आणि सगळे अंक दाखवायला सांग. शेवटचे चार अंक शून्य येतील, कारण ते सॉफ्टवेअर पंधराच अंक सांभाळतं आणि हे उत्तर एकोणीस अंकांचं आहे. चौकटीच्या वहीत ४३२१ येतात. असं यंत्राला हरवण्याचे प्रसंग आयुष्यात कमी येतात, तेव्हा तेवढ्यापुरतं चिडवून घ्यायला हरकत नाही.

धाकटा कंटाळला तर मधे कापरेकरांचाच दुसरा खेळ काढा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे एमएच ०५ नंतरचे चार अंक घ्या. चारही सारखे नकोत. तेच अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. डोंबिवली पूर्वेच्या पिनकोडचे शेवटचे चार अंक १२०१ घेतले तर २११० वजा ०११२ म्हणजे १९९८, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. तिथे गाडी थांबते. ६१७४ मधून पुन्हा ६१७४ च येते. कुठलाही नंबर घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोचतो. हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला होता.

तेव्हा फार कुणी दखल घेतली नाही. व्यावसायिक गणित्यांना हे काम म्हणजे करमणूक वाटायची. कापरेकर छोट्या नियतकालिकांत लिहीत, स्वतः पुस्तकं छापत. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ते सत्तरीचे होते आणि निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. आत्याला स्वतःला ही गोष्ट ‘उशिरा का होईना, कौतुक झालं’ अशी सांगायला आवडत नाही. मधल्या इतक्या वर्षांत त्यांनी आकडे मांडणं थांबवलं नाही, कारण त्यांना ते आवडत होतं. शाळेत कुणी ‘हे परीक्षेत येणार आहे का?’ विचारलं तर सरळ नाही म्हण आणि पुढची ओळ मांड.

संख्यांच्या आणखी एका प्रकाराला त्यांनी देवळालीचं नाव दिलं. तेव्हा मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावरची दोन स्टेशनं अंकगणितात जाऊन बसली आहेत. कल्याण अजून राहिलंय; पाहा, काही जमतंय का.

दहा एक झाले की अकरा मांडा. हातचे चार येतील, अंकांची बेरीज १२१ मधून ३६ वजा, म्हणजे ८५. उत्तर इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. बारा एकांना हातचे सहा आणि बेरीज ९०. दोन्ही उत्तरं दोघांच्या अक्षरात, वहीच्या पानासकट पाठवा. व्हॉट्सअॅपवर फोटो चालेल, पण खोडलेल्या ओळीही त्यात दिसल्या पाहिजेत.

आई-बाबांना नमस्कार सांग, धाकट्याला गोड पापा.

तुझी,
आत्या