दोघेंही फिरतात

चंद्र पृथ्वीभोंवतीं फिरतो असें आपण मुलांस शिकवितों, व तें सामान्यतः खरेंही आहे. परंतु पृथ्वीही स्थिर राहत नाहीं. आंगणांत मोठी बहीण धाकटीबरोबर फुगडी खेळते तें पाहावें. धाकटीचा फेरा मोठा असतो. तथापि तिचा भार सांवरण्यासाठीं मोठीसही मागें कलून लहानसा फेरा घ्यावाच लागतो. ती खांबासारखी उभी राहिली तर फुगडी होत नाहीं. कावडींत एक घागर भरलेली व दुसरी अर्धी असली, तर खांदा भरलेल्या घागरीकडे सरकविला म्हणजे तोल साधतो. अशा तोलाच्या बिंदूस वस्तुमानमध्य म्हणतात.

पृथ्वी चंद्राच्या सुमारें ८१ पट जड आहे, आणि दोहोंमधील सरासरी अंतर सुमारें ३,८४,४०० किलोमीटर आहे. ह्या अंतराचे ८२ भाग केले, तर तोलाचा बिंदु पृथ्वीच्या केंद्रापासून एका भागावर, म्हणजे सुमारें ४,७०० किलोमीटरांवर येतो. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर असल्यामुळें तो तिच्या पोटांतच राहतो. पण केंद्रांत नव्हे. त्याभोंवतीं दोघेंही सुमारें २७ दिवसांत एक फेरा करितात.

ह्याच नियमानें न दिसणारा ताराही सांपडला. व्याधाचा तारा सरळ न जातां किंचित् डुलत जातो, हें बेसेल नामक जर्मन ज्योतिष्यानें ओळखिलें. व त्याचा कोणी अदृश्य सोबती असला पाहिजे, असें १८४४ सालीं सांगितलें. बेसेल १८४६ सालीं वारला. पुढें १८६२ सालीं अमेरिकेंत आल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क नवी दुर्बीण पारखीत असतां, तो सोबती त्यांस प्रत्यक्ष दिसला.

ताऱ्यांवरून धर्मतत्त्व सिद्ध होतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दृष्टांत घेण्यास हरकत नसावी. मंडळींतील एका नव्या कुटुंबानें उपासनेस येणें सोडलें, तेव्हां आम्ही नुसता निरोप पाठविला. कोणी आलें नाहीं. महिन्यानें आम्ही स्वतः गेलों, तों घरांत म्हातारी अंथरुणास खिळलेली. आणि तोंवर मंडळींतून कोणी उंबरठा चढलें नव्हतें. आम्ही खांबासारखे उभे होतों, व इतरांनीं आपल्याभोंवतीं फिरावें अशी आमची अपेक्षा होती.

प्रिय उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारीं रोमकरांस पत्राचा १५ वा अध्याय मंडळीबरोबर वाचावा, आणि जे कोणी दिसेनासे झाले आहेत त्यांच्या घरीं त्याच दिवशीं जावें.