उमेदवारीचे तास

तुमच्यापैकी काही जण शाळा सुटल्यावर वडिलांच्या किंवा मामूंच्या दुकानात बसतात. माल मोजतात, बिले लिहितात, उधारी लक्षात ठेवतात. या कामाचा शाळेच्या गुणपत्रिकेशी काही संबंध नसतो. महाविद्यालयात मात्र आता थोडे वेगळे आहे. तेथे पेढीत, बँकेत किंवा कारखान्यात ठरावीक तास काम शिकले, तर ते पदवीच्या हिशेबात धरले जाते.

या शिक्षणाला इंटर्नशिप म्हणतात. सरकारी मराठीत 'आंतरवासिता' असा शब्द आहे, पण तो बाजारात कोणी बोलत नाही. मराठीत याच अर्थाच्या जवळचा एक जुना शब्द आहे, आणि तो तुमच्या ओळखीचा आहे. तो शब्द म्हणजे 'उमेदवारी'. उर्दूत उमेदवार म्हणजे आशा बाळगणारा. मराठीत मात्र 'त्याने दोन वर्षे उमेदवारी केली' असे म्हटले, तर त्याने हाताखाली राहून काम शिकले, असा अर्थ होतो. 1961 च्या कायद्यातही 'शिकाऊ उमेदवार' हाच शब्द आला आहे. हिशेब, जमा, खर्च, बाकी हे शब्दही दोन्ही भाषांचे आहेत. पेढीवर गेल्यावर तुम्हांला मराठी परकी वाटणार नाही.

शिक्षण आणि काम यांची अशी जोडी अमेरिकेत फार पूर्वी जमली. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी 1906 साली 27 विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग सुरू केला. विद्यार्थी एक आठवडा वर्गात शिकत आणि पुढचा आठवडा कारखान्यात काम करत. कामाची मजुरीही त्यांना मिळत असे.

आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या डिसेंबरमध्ये पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. त्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी 120 श्रेयांक लागतात. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे माप. इंटर्नशिपला 2 ते 4 श्रेयांक आहेत, आणि एका श्रेयांकासाठी 30 तास काम करावे लागते. म्हणजे 4 श्रेयांकांना 120 तास झाले. रोज 6 तास काम केले, तर 20 दिवसांत ते पूर्ण होतात.

पण नुसते तास भरून श्रेयांक मिळत नाहीत. समजा, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी कापडाच्या पेढीत जाते. मुनीमजी तिच्यापुढे खतावणी ठेवतात. एका व्यापाऱ्याकडून 18,000 रुपये येणे दिसते. व्यापारी म्हणतो, "मी फक्त 15,000 देणे लागतो." खरे कोण? ती जुन्या पावत्या काढून बसते. तिसऱ्या दिवशी तिला एक जमा चिठ्ठी सापडते. व्यापाऱ्याने 3,000 रुपयांचा डागी माल परत केला होता आणि त्याची नोंदच झाली नव्हती. 'विक्री परत' हा धडा तिने वर्गात वाचला होता. तो कशासाठी आहे, हे तिला आता कळले.

त्या दिवशी रोजनिशीत तिने "बिले तपासली" एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला काय समजणार? कोणते खाते, किती फरक आणि तो कसा सापडला, हे लिहायला हवे. पेढीतील देखरेख करणारी व्यक्ती आणि महाविद्यालयातील मार्गदर्शक शिक्षक अशीच रोजनिशी व अहवाल पाहतात, प्रश्नही विचारतात. माझ्या मते खरी परीक्षा तीच. हे श्रेयांक 2021 साली सुरू झालेल्या श्रेयांक बँकेत विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात. घरच्या अडचणीमुळे शिक्षण मध्येच थांबले, तरी मिळवलेले श्रेयांक लगेच बुडत नाहीत. नियमांच्या मुदतीत परत येऊन पुढे शिकता येते. आपल्याकडच्या कितीतरी मुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे.

काही ठिकाणी उमेदवाराला चहा आणायला आणि कागदाच्या प्रती काढायलाच लावतात. मोबदलाही प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. म्हणून काम काय, तास किती, पैसे मिळणार की नाही, हे आधी लेखी घ्यावे. आठवडाभर काहीच शिकायला मिळाले नाही, तर मार्गदर्शक शिक्षकांना स्पष्ट सांगावे.

मग मामूंच्या दुकानातले काम? ते आपोआप मोजले जात नाही. महाविद्यालयाची आधी संमती हवी आणि काम तपासणारे कोणी हवे. पण दुकानातली उधारीची वही नीट वाचता येणारा मुलगा पेढीवर पहिल्या दिवशी गोंधळणार नाही.

स्वाध्याय

1. रोज 5 तास काम केल्यास 2 श्रेयांकांसाठी किती दिवस लागतील?
2. 'उमेदवार' या शब्दाचा उर्दूतील आणि मराठीतील अर्थ सांगा.
3. तुमच्या ओळखीच्या दुकानात एक तास बसा. तेथे पाहिलेल्या एका व्यवहाराची रोजनिशी पाच वाक्यांत लिहा.