टाळ्या कोणासाठी?

आपल्या चऱ्होलीवरून वाहणारी इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते. भुशी धरण तिकडेच आहे. पावसाळ्यात आपल्यातील अनेक कुटुंबे तिथे जातात. म्हणून धबधब्यांवरील धाडसांचा इतिहास आज थोडक्यात पाहू या.

नायगाराचे धाडसवीर

अमेरिका व कॅनडाच्या सीमेवरील नायगारा धबधबा अशा धाडसांसाठी प्रसिद्ध आहे. १८२९ मध्ये सॅम पॅच याने तिथे उंचावरून उडी मारली आणि तो वाचला. त्याच वर्षी रॉचेस्टर शहरातील जेनेसी धबधब्यावर त्याने उडी मारली, पण मनासारखे पैसे जमले नाहीत. आठवड्याने, १३ नोव्हेंबरला, त्याने आणखी उंचावरून उडी घेतली. हजारो लोक पाहत होते. या वेळी तो जिवंत वर आला नाही.

१९०१ मध्ये अ‍ॅनी टेलर ही शिक्षिका आपल्या ६३व्या वाढदिवशी पिंपात बसून नायगारावरून खाली आली. ती वाचली, पण पैशाची आशा फोल ठरली. १९२१ मध्ये ती गरिबीतच वारली. टाळ्या वाजवणारे केव्हाच घरी गेले होते!

आपल्याकडे काय घडले?

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणामागील धबधब्याच्या प्रवाहात एक कुटुंब उभे होते. ते कसलेही धाडस करत नव्हते. वर डोंगरात पाऊस झाला, पाणी एकाएकी वाढले आणि पाच जणांचा जीव गेला. त्याच सुमारास ताम्हिणी घाटात पाण्यात उडी मारलेला एक जण वाहून गेला. दोन्ही घटनांचे मोबाईलवर चित्रण झाले.

घाटातले पाणी काही मिनिटांत चढते. शेवाळावर पाय टिकत नाही. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते अंगाला नीट उचलून धरत नाही. चांगला पोहणाराही तिथे हतबल होतो.

आपण काय शिकावे?

मंदिराच्या कड्यावरून उडी टाक, असे सैतानाने सुचवले तेव्हा प्रभू येशूने नकार दिला (मत्तय ४). देवाची परीक्षा पाहणे म्हणजे श्रद्धा नव्हे.

उडी मारणारा एकटा नसतो. पाहणारेही त्याच्यासोबत असतात. आपल्या तरुणाने कड्यावर पाऊल टाकले, तर आपण मोबाईल खिशात ठेवू आणि त्याला हाक मारून मागे बोलावू.

घरी बोलण्यासाठी : आपल्या कौतुकामुळे कोणी जीव धोक्यात घालतो का?