गळाला आमिष नाही, मग मासा लागतो कसा?

प्रश्न : गेल्या मे महिन्यात आम्ही हिमाचलात, कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्यात गेलो होतो. गुशैनी गावाजवळ एक माणूस मांडीभर पाण्यात उभा राहून लांबलचक दोरी डोक्यावरून मागे-पुढे, मागे-पुढे फेकत होता. चार-पाच वेळा दोरी हवेतच, मग कुठे पाण्यावर टेकायची. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही, नुसता पिसांचा झुबका. तासाभराने एक ठिपक्यांचा मासा मिळाला, तर तोही सोडून दिला! मी कराडचा. कृष्णा-कोयनेच्या संगमावर गळ टाकून बसलेली माणसं लहानपणापासून बघतोय. तिथे एकदा गळ टाकला की माणूस जागचा हलत नाही. हा माणूस नेमकं काय करत होता?
एक वाचक, कराड

उत्तर : तुम्ही ज्याला पिसांचा झुबका म्हणता ती माशी आहे, म्हणजे माशीचं सोंग. बारीक गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस आणि थोडी लोकर दोऱ्याने गुंडाळून ती करतात. म्हणूनच या मासेमारीला फ्लाय फिशिंग म्हणतात. दोरी हवेत का फिरत होती, याचं उत्तर या माशीच्या वजनात आहे. तिला वजन जवळजवळ नाहीच. कृष्णेकाठी गळ लांब जातो तो शिशाच्या गोळीमुळे. गोळी पुढे जाते आणि दोरी तिच्यामागे ओढली जाते. चिमूटभर पीस मात्र कितीही जोरात भिरकावलं तरी पायाशीच पडणार. त्यामुळे इथे वजन दोरीतच घातलेलं असतं. दोरी जाड, गुळगुळीत लेप दिलेली. काठी साधारण नऊ फुटांची, वेतासारखी लवणारी. काठी मागे नेली की दोरी हवेतून मागे जाते, उलगडत उलगडत सरळ होते, आणि सरळ झाली की तिच्या ओढीने काठीचा शेंडा वाकतो. नेमक्या त्या क्षणी काठी पुढे आणायची. मग दोरी पुढे धावते आणि माशीला सोबत घेऊन जाते.

मधला तो अर्धा क्षण थांबणं, हीच यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. हात थांबायला तयार नसतो. घाई झाली की दोरी चाबकासारखी कडाडते आणि शेंड्याची माशी तुटून मागच्या झाडीत जाते. मी शिकलो तेव्हा पहिला दिवस पाण्याकडे न बघता मागे बघण्यातच गेला होता. चार-पाच वेळा दोरी हवेत ठेवण्याची कारणं दोन. दर फेकीला थोडी दोरी जास्त सोडून लांबी वाढवता येते. शिवाय भिजलेल्या पिसातलं पाणी झटकून निघतं, म्हणजे माशी पुन्हा तरंगते.

जाड दोरी माशाच्या डोक्यावर आपटली तर तो पळणारच. म्हणून दोरीच्या टोकाला आठ-नऊ फूट पारदर्शक तंगूस असतो, निमुळता होत होत शेवटी केसासारखा बारीक. दोरी लांब पडते आणि माशी एकटी अलगद उतरते.

एवढी खटपट कशासाठी, हे कळायला आपल्याला पाण्याखाली जावं लागेल. कराडला विहिरीत पोहायला शिकला असाल तर आठवून बघा. बुडी मारून तळाशी गेलं आणि वर पाहिलं की डोक्यावर उजेडाचं एक गोल भोक दिसतं. काठावरची माणसं, झाडं, आभाळ, सगळं त्या गोलात दाटीवाटीने बसलेलं असतं. गोलाच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात तळाचंच प्रतिबिंब दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे वरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत गोळा होतं. ट्राउटला, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या ठिपक्यांच्या माशाला, बाहेरचं जग असंच, या गोल खिडकीतून दिसतं. उंच उभा राहिलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला चटकन दिसतो. वाकलेला, गुडघ्यावर बसलेला दिसत नाही. वाहत येणारी माशीही आधी दिसत नाही. तिच्या पायांनी पाण्याच्या आरशावर पडलेले बारीक खळगे आधी दिसतात आणि मग खिडकीत येते ती माशी. म्हणून चांगली माशी पिसांच्या टोकांवर उभी राहिली पाहिजे. कोंबड्याच्या मानेची पिसं ताठ असतात आणि लवकर भिजत नाहीत, म्हणून तीच निवडतात.

डोंगरी नदीत ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो. ऑक्सिजन तिकडून येतो, खाणंही तिकडून येतं. पण धारेत उभं राहायचं तर ताकद खर्च होते. म्हणून तो धोंड्याच्या आडोशाला, पाणी संथ होतं तिथे थांबतो. शेजारून वेगाची धार जात असते. त्यातून एखादा किडा वाहत आला की दोन वितींचं अंतर सरकतो, घेतो आणि जागेवर परत. वेगाचं आणि संथ पाणी जिथे घासतं तिथे फेसाची एक रेघ दिसते. मासा शोधायचा तो त्या रेघेवर, आणि त्याच्या मागून, म्हणजे खालच्या अंगाने वर जात. तुमचा माणूस पाण्यात उतरला होता तो याचसाठी.

माशी पडली म्हणजे झालं, असंही नाही. ती पाण्याच्याच चालीने वाहिली पाहिजे. मधली धार जोराची असली तर ती दोरीला खाली ओढते, दोरी माशीला ओढते आणि माशीच्या मागे पाण्यावर रेघ उमटते. खरा किडा अशी रेघ काढत नाही. ट्राउट वर येतो, बघतो आणि खाली जातो. म्हणून दोरी पाण्यावर पडल्या पडल्या मनगटाच्या हलक्या झटक्याने तिचा मधला भाग वरच्या अंगाला टाकतात. तेवढ्याने माशीला दोन-तीन सेकंदांची मोकळीक मिळते. मासा त्यातच घेतो. घेतल्यावरही वेळ थोडाच असतो. पिसाला चव नाही हे त्याला लगेच कळतं आणि तो थुंकून टाकतो. त्याआधी काठी उचलावी लागते.

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवरच्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय : ते गळाला तांबडी लोकर गुंडाळतात, तिच्यावर कोंबड्याची पिसं बांधतात आणि ठिपक्यांचे मासे पकडतात. तुम्ही पाहिलेली माशी थोड्याफार फरकाने तीच.

पिसांवरून आपल्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना टोकाशी मेणासारखे चकचकीत पिवळसर ठिपके असतात. इंग्रज माशी-बांधणाऱ्यांना या ठिपक्यांचं वेड होतं, कारण ते माशीवर हुबेहूब डोळ्यासारखे दिसतात. आपल्या रानातून या पक्ष्यांची कातडी परदेशी जात राहिली. पुढे निर्यातीवर बंदी आली. आता वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे आणि परदेशातले लोक पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. आंबोली किंवा कोयनेच्या रानात पहाटे त्याची तुटक बांग ऐकली की मला त्या ठिपक्यांची आठवण येते, आणि तो अजून आहे याचा आनंद होतो.

आता माशाबद्दल. तुम्ही पाहिलात तो बहुधा ब्राउन ट्राउट. अंगावर काळे आणि तांबडे ठिपके, तांबड्यांभोवती फिकट कडं. हा मूळचा हिमालयातला नाही. इंग्रजांनी त्याची अंडी ओल्या शेवाळात, बर्फावर ठेवून बोटीने देशोदेशी नेली. १८९९ मध्ये काश्मीरला पाठवलेली खेप वाया गेली, १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली जगली. काश्मीरहून १९०९ मध्ये तो कुल्लूत आला. पण आज तीर्थनमध्ये त्याला रानटीच म्हणायला हवं. हिवाळ्याच्या तोंडाला मादी शेपटीने गोट्यांत खळगा करते, अंडी घालते, वर वाळू-गोटे लोटते आणि निघून जाते. गार पाणी त्या गोट्यांमधून झिरपत राहतं आणि पुढचं सगळं नदीच करते. याच काळात, १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते. एरवीही मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो. तिथल्या खाणावळीत ताटात येतो तो ट्राउट मात्र बहुतेक वेळा तळ्यात वाढवलेला रेनबो असतो. त्याच्या कुशीवर गुलाबी पट्टा असतो.

एक गोष्ट मला टोचते आणि ती लपवणं बरं नाही. या नद्यांमध्ये आधीपासून स्नो ट्राउट राहतो. नावात ट्राउट असला तरी तो कार्पच्या कुळातला. खालच्या बाजूला असलेल्या तोंडाने धोंड्यांवरचं शेवाळ खरवडून खातो. कुल्लूकडे त्याला गुगली म्हणतात. ब्राउन ट्राउट त्याची पिल्लं खातो, त्याची जागा घेतो. त्यामुळे परक्या माशाचं कौतुक करताना गुगलीला विसरू नये, असं मला मनापासून वाटतं. दुसरी बाजूही आहे. तीर्थनवरच्या जलविद्युत प्रकल्पांना खोऱ्यातल्या लोकांनी विरोध केला. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब त्यात पुढे होते, प्रकरण कोर्टात गेलं, प्रकल्प थांबले. ट्राउटची नदी ही ओळख तेव्हा कामी आली, आणि वाहतं राहिलेलं पाणी गुगलीलाही मिळालं.

कृष्णेत ट्राउट का नाही, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. त्याला साधारण २० अंशांखालचं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं. आपल्या नद्यांचा एप्रिल-मे त्याला सोसणार नाही. दक्षिणेत ट्राउट टिकलाय तो निलगिरी आणि मुन्नारसारख्या उंचीवरच.

राहिलं मासा सोडण्याचं. काहींना ते नाटक वाटतं, मला नाही वाटत. थंड पाण्यात मासा सावकाश वाढतो, म्हणून तो सोडलेला बरा; आणि माशीच्या गळाने बहुधा ओठच पकडलेला असतो, त्यामुळे नीट सोडला तर तो जगतो. त्या माणसाने गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकला असेल. हात पाण्यात ओले करून घेतले असतील, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. मासा पाण्याबाहेर न काढता, तोंड धारेकडे करून दोन्ही तळव्यांवर धरला असेल. कल्ले उघडमीट करायला लागतात, शेपटीत जोर येतो आणि तो स्वतःच हातातून निघून जातो. तो निघताना तळव्याला जो धक्का बसतो, तो घरी आल्यावरही कित्येक दिवस आठवतो.

पुढच्या वेळी तीर्थनला गेलात तर काठी नसली तरी चालेल. काठाजवळचा, पाण्यात बुडालेला नारळाएवढा धोंडा उचला आणि उलटा करून बघा. तीन शेपट्यांची चपटी मेफ्लायची अळी पटकन सावलीकडे सरपटेल. अर्ध्या बोटाची वाळूची नळी चिकटलेली दिसेल. ती कॅडिसच्या अळीने स्वतःच्या रेशमाने कण कण जोडून बांधलेली असते. ट्राउटचं बरंचसं पोट यांच्यावर भरतं. पाणी घाण झालं की सगळ्यात आधी नाहीसे होणाऱ्यांत हे किडे असतात, म्हणून नदीची तब्येत तपासणारे लोकही आधी धोंडेच उलटतात. बघून झालं की धोंडा होता त्याच खळग्यात, होता त्याच बाजूने परत ठेवा. वरची बाजू खाली गेली तर खाली राहणारे किडे उघड्यावर येतील.