गोजिराचे निर्माते : तोमोयुकी तनाका

बोलपट पाहून आलेल्या मुलास विचारावें, तर तो नटाचें नांव सांगतो. थोडा चौकस असला तर दिग्दर्शकाचेंहि सांगतो. निर्मात्याचें नांव सहसा कोणास ठाऊक नसतें. परंतु कथा कोणती घ्यावी, ती कोणाच्या हातीं सोंपवावी व तीवर पैसा किती खर्चावा, हें ठरविणारा गृहस्थ तोच. जपानांतील तोहो कंपनीचे तोमोयुकी तनाका हे असे एक निर्माते होते. दोनशेंहून अधिक चित्रपट त्यांच्या नांवावर आहेत.

तनाका यांचा जन्म १९१० सालीं ओसाका प्रांतांत झाला. त्यांच्या चरित्रांत आम्हांस १९५४ हें साल विशेष मननीय वाटतें. इंडोनेशियाच्या सहकार्यानें काढावयाचा त्यांचा एक मोठा चित्रपट त्या वर्षीं ऐन वेळीं रद्द झाला. तेथील सरकारनें जपानी मंडळींस परवाने नाकारले. युद्धकाळांतील जपानी अंमल तेथील लोक विसरले नव्हते. जकार्ताहून विमानानें परततांना तनाका खालचा समुद्र पाहत होते आणि रद्द झालेल्या चित्रपटाच्या जागीं दुसरा कोणता द्यावा, या विवंचनेंत होते, असें ते पुढें सांगत.

समुद्र त्या दिवसांत जपानी माणसास निराळाच भासत होता. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें बिकिनी बेटांत हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. त्याची राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी नौकेवर पडली. २३ खलाशी आजारी पडले. नौकेवरील बिनतारी यंत्र चालविणारा इसम सप्टेंबरांत वारला. हिरोशिमा व नागासाकी येथील संहारास तेव्हां नऊच वर्षें झालीं होतीं. अशा स्फोटानें समुद्रतळींचा एखादा पुरातन प्राणी जागा झाला तर?

या प्रश्नांतून ‘गोजिरा’ निघाला. गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा, या दोन शब्दांचें हें जोडनांव. आपल्याकडे तेंच ‘गॉडझिला’ झालें. दिग्दर्शन तनाकांनीं इशिरो होंडा यांजकडे दिलें. सैन्यांतून परततांना होंडांनीं उद्ध्वस्त हिरोशिमा डोळ्यांनीं पाहिलें होतें. एइजी त्सुबुराया यांनीं रबरी पोशाखांतील नटाकडून चिमुकलें टोकियो तुडवून घेतलें. आरोळी मात्र कोणत्याहि जनावराची नव्हे! संगीतकार इफुकुबे यांच्या कल्पनेनें राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बास वाद्याच्या तारेवरून ओढून ती काढली होती.

३ नोव्हेंबर १९५४ रोजीं चित्रपट प्रसिद्ध झाला आणि सुमारें ९६ लक्ष तिकिटें खपलीं. आमच्या मतें त्याचा खरा नायक सेरिझावा हा शास्त्रज्ञ होय. राक्षसास मारील असा शोध त्याजपाशीं असतो. पण तोच शोध उद्यां सत्ताधाऱ्यांचें नवें शस्त्र होईल, ही भीति त्यास जाळीत असते. अखेर तो आपले कागद जाळतो, समुद्रतळीं उतरून राक्षसाचा अंत करतो आणि वर येण्याची दोरी स्वतःच कापतो.

पुढें राक्षसांची रांगच लागली. तनाकांनीं कुरोसावा यांचे ‘योजिम्बो’सारखे उत्तम चित्रपटहि काढले, तरी गल्ल्यासाठीं गोजिरास बालमित्र करण्यांत मूळ भय हरपलें, असें आम्हांस वाटतें. तें भय १९८४ सालीं त्यांनींच परत आणलें. १९९५ च्या ‘गोजिरा विरुद्ध देस्तोरोया’ या चित्रपटांत सेरिझावाच्या त्याच शोधापासून उपजलेला नवा राक्षस पडद्यावर आला. तनाकांच्या हयातींतील तो शेवटचा गोजिरापट. २ एप्रिल १९९७ रोजीं ते वारले.