नेम मोडला तर

पंढरीत माणूस नेम घेतो तो भरात घेतो. चंद्रभागेचे स्नान झालेले, विठुरायाच्या दर्शनाने मन भरून आलेले. अशा वेळी रोज हरिपाठ, रोज ज्ञानेश्वरीचा एक अध्याय, महिन्याची वारी, सारेच बोलून बसतो. घरी आल्यावर खुरपणी असते, पोराचे आजारपण असते. पंधरा दिवसांत अध्याय सुटतो, महिन्यात हरिपाठ. मग लाज वाटते आणि लाजेपोटी देवळातल्या भजनाला जाणेही बंद होते. आम्हांला विचाराल तर नेम मोडल्याने होत नाही एवढे नुकसान या लाजेने होते.

वारीत आपण असे वागत नाही. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते व आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरास पोचते. वाट सुमारे २५० किलोमीटरांची. त्यातली पुणे ते सासवड ही मजल सर्वांत लांब, मध्ये दिवेघाट, आणि बहुधा त्याच दिवशी एकादशीचा उपवास. घाटात कितीतरी जण मागे पडतात. पाय सुजतात, कोणी तेल चोळून देतो, घटकाभर बसून माणूस पुन्हा उठतो आणि रात्री का होईना, आपल्या दिंडीची राहुटी गाठतो. 'आज मागे पडलो, आता पुढल्या वर्षी आळंदीपासून चालेन' म्हणणारा वारकरी आमच्या पाहण्यात नाही. घरच्या नेमाला मात्र आपण हेच म्हणतो : 'आता पुढल्या एकादशीपासून बघू!'

अध्यायाचाच नेम मुळात अवघड. बाराव्यात अडीचशेच्या आत ओव्या, अठराव्यात अठराशेंहून अधिक. रोजचे माप सारखे कसे राहणार? त्यापेक्षा दिवेलागणीला हातपाय धुऊन नऊच ओव्या वाचाव्यात. ग्रंथ सुमारे ९,००० ओव्यांचा, म्हणजे पावणेतीन वर्षांत पुरा होतो. काही जण चुकलेले दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरून काढतात. तेही आम्हांला पटत नाही; उधारी साठत जाते आणि पोथीची धास्ती बसते. चुकले ते चुकले. जिथे दोरा ठेवला असेल तिथूनच पुढे वाचावे, पुन्हा पहिल्या ओवीपासून आरंभ करू नये. पहिल्या अध्यायाची पाने तेवढी हात लागून काळी पडलेली आणि पुढची कोरीच राहिलेली, अशा ज्ञानेश्वऱ्या आम्ही पुष्कळ घरांत पाहिल्या आहेत.